ताजा कलमातला फ्लॅट

ताई, नमस्कार.

आम्ही दोघं सहा वर्षं इंग्लंडमध्ये, रेडिंगला भाड्याने राहतोय. गेल्या आठवड्यात एका घरावर आमची ऑफर ॲक्सेप्ट झाली, ४ लाख २० हजार पौंडांना. जुनं विटांचं टेरेस, म्हणजे शेजारच्या घरांना जोडलेलं, ओळीतलं घर आहे, फ्रीहोल्ड (जमिनीसकट मालकीचं). तीन बेडरूम, वर लॉफ्टमध्ये एक खोली आणि मागच्या गल्लीत गॅरेज. एजंट आता रोज फोन करतोय, शुक्रवारपर्यंत सॉलिसिटर ठरवा म्हणून. त्यानेच एक फर्म सुचवलीय, ८५० पौंड अधिक व्हॅट, सगळं ऑनलाइन. ओळखीतल्या एकांनी इथल्याच गावातल्या सॉलिसिटरचं नाव दिलं, ते १,५०० सांगतात. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, काम तेच, कागद तेच, मग जवळजवळ दुप्पट पैसे कशाला? पुण्यात त्याच्या वडिलांनी फ्लॅट घेतला तेव्हा वकील एजंटनेच आणला होता. सकाळी रजिस्ट्रेशनच्या ऑफिसात अंगठे, फोटो झाले आणि दुपारी पेढे वाटले. इथे म्हणे तीन-चार महिने लागतात. हे लोक नक्की करतात काय?

मुलगी चार वर्षांची आहे. १५ जानेवारीच्या आत तिचा रिसेप्शनचा, म्हणजे शाळेतल्या पहिल्या वर्षाचा, फॉर्म भरायचाय, तोवर नवा पत्ता हातात हवा. डिपॉझिटसाठी माझे बाबा ३० लाख रुपये देतायत आणि मामा १० लाख उसने देतो म्हणालाय. घाई करावी का आणि सॉलिसिटर कुठला घ्यावा, एवढं सांगा.

र., रेडिंग

ता. क. : कोथरूडला बाबांनी २०१६ साली घेतलेल्या फ्लॅटवर दुसरं नाव माझं आहे. नावालाच. भाडंही त्यांनाच जातं. त्याचा इथे काही संबंध नाही ना?

र., संबंध आहे. अख्ख्या पत्रातली सगळ्यात महागडी ओळ तीच आहे आणि ती तुम्ही नाव लिहून झाल्यावर खाली घातलीत. म्हणून मी सुरुवात तिथूनच करते. एजंट, शाळा, ८५० की १,५००, ते सगळं नंतर.

आधी एक खुलासा. मी सॉलिसिटर नाही. पश्चिम लंडनमधल्या एका फर्मच्या घरखरेदीच्या खात्यात, ज्याला इथे कन्व्हेयन्सिंग म्हणतात, सतरा वर्षं फायली सांभाळल्या. सही साहेबांची, फोन माझा. घरं कुठे अडकतात ते त्यामुळे जवळून बघितलंय. तुमच्या केसचा पक्का सल्ला मात्र तुमच्याच सॉलिसिटरकडून आणि लेखी घ्यायचा.

आता हिशेब. इंग्लंडमध्ये घर घेणाऱ्याला स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स भरावा लागतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी पहिलंच घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत काही पडत नाही, त्यापुढच्या रकमेवर ५ टक्के (घर ५ लाखांच्या वरचं असेल तर सवलतच नाही). तुमच्या घराला वरच्या १ लाख २० हजारांवर ५ टक्के, म्हणजे ६,००० पौंड. तुम्ही दोघांनी बहुतेक हाच आकडा धरून जुळवाजुळव केली असणार. पण ‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे. जगाच्या पाठीवर कुठेही, विकत घेऊन, बक्षीस म्हणून किंवा वारशाने, घराची मालकी कधी मिळाली असेल तर ती सवलत गेली. आणि जोडीने घर घेताना एकाची गेली की दोघांची गेली. मग साधा दर : सव्वा लाखापर्यंत शून्य, तिथून अडीच लाखांपर्यंत २ टक्के, पुढे ५. तुमच्या घराला ११,००० पौंड.

एवढ्यावर भागलं तर नशीब म्हणा. कारण किल्ली मिळण्याच्या दिवशी तुमच्या नावावर दुसरं घर असेल, तेही जगात कुठेही, आणि त्यातल्या तुमच्या हिश्श्याची बाजारभावाने किंमत ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त असेल, तर नव्या घराच्या पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के सरचार्ज बसतो. तुमच्या बाबतीत तो २१,००० पौंड. एकूण ३२,०००. कुठे सहा हजार आणि कुठे बत्तीस हजार! मधल्या फरकाचे रुपये करून बघा, बाबांचे तीस लाख जवळजवळ तेवढ्यातच गेले.

हे ऐकल्यावर प्रत्येक जोडपं पुढचं वाक्य तेच बोलतं : मग घर एकट्या नवऱ्याच्या नावावर घेऊ. सरचार्जपुरते नवरा-बायको एकच धरले जातात. बायकोच्या नावावरचं कोथरूड नवऱ्याच्या खात्यात आलंच, मग कागदावर तिचं नाव असो वा नसो. आणि सरचार्ज लागला की त्याची पहिल्या घराची सवलतही लागू होत नाही.

राहिला तुमचा ‘नावालाच’ हा शब्द. आपल्याकडे बापाने प्रेमाने, पुढेमागे वारसाची भानगड नको म्हणून, मुलीचं दुसरं नाव घालणं अगदी घरोघरी चालतं. इथल्या कायद्यालाही कागदावरचा मालक आणि खरा मालक यांतला फरक कळतो. पण ‘नावालाच’ हे तोंडी सांगून भागत नाही. पैसे कुणी भरले, हप्ते कुणाच्या खात्यातून गेले, भाडं कुणाला येतं, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर कुणाची नावं, करारनाम्यात हिस्सा लिहिलाय का, हे कागद जमवा. बाबांना फ्लॅटचं मूल्यांकनही करून घ्यायला सांगा, कारण तुमचा हिस्सा ४० हजार पौंडांच्या अलीकडे की पलीकडे यावर २१ हजारांचा फैसला आहे. मग सॉलिसिटरला हे सगळं एका ईमेलमध्ये द्या आणि विचारा की यावर मत तुम्ही द्याल की टॅक्सवाल्याकडे पाठवाल. स्वस्तातल्या बऱ्याच फर्मच्या अटींमध्ये बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की आम्ही कराचा सल्ला देत नाही. त्या फक्त एक फॉर्म पाठवतात, त्यात प्रश्न असतो, जगात कुठेही घर आहे किंवा होतं का, आणि लोक ‘नाही’वर टिक करून मोकळे होतात, कारण त्यांच्या मनात ‘इथे’ एवढंच जग असतं. या कराचं रिटर्न सॉलिसिटर भरतो, किल्ली मिळाल्यापासून १४ दिवसांच्या आत. पण खरं-खोटं तुमच्या सहीवर असतं आणि पुढे एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या कर खात्याचं, पत्र आलं तर कर, व्याज, दंड तुमच्याच दारात.

किल्ली मिळायच्या आधी फ्लॅटवरून नाव काढून टाकलं तर? सरचार्ज टळू शकतो, पहिल्या घराची सवलत मात्र परत येत नाही. आणि त्यासाठी पुण्यात दस्त, त्यावरची स्टॅम्प ड्यूटी, बाबांची पुन्हा रजिस्ट्रारकडे फेरी. पुण्यातल्या वकिलाला खर्च विचारून मगच बाबांशी बोला. फोनवर एकदम ‘माझं नाव काढा’ म्हणालात तर त्या माणसाला रात्रभर झोप लागणार नाही.

आता नवऱ्याचा प्रश्न. तो रास्त आहे, उगाच चिडू नका. पुण्यात रजिस्टर होतो तो दस्त. अमुकने तमुकला विकल्याचा कागद दुय्यम निबंधकांसमोर नोंदला गेला, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा) मिळाली, झालं. विकणारा खरोखर मालक होता की नाही याची हमी सरकार देत नाही. म्हणून तर आपण तीस वर्षांचा सर्च काढतो आणि मूळ खरेदीखत बँकेच्या लॉकरमध्ये जपतो. इथे उलटं आहे. लँड रजिस्ट्री १८६२ पासून आहे आणि ती नोंदवते ती मालकी. रजिस्टरमध्ये नाव तुमचं, तर घर तुमचं. चूक निघाली तर भरपाईची सोयही कायद्यात आहे. लॉकरमध्ये ठेवायला मूळ कागद असा मिळतच नाही, जुनी लँड सर्टिफिकेटंही २००३ साली बंद झाली. आमच्या ऑफिसात नवे आलेले आपले लोक किल्ली मिळाल्यावर आठवड्याने फोन करायचे, ‘ओरिजिनल कधी न्यायला येऊ?’ त्यांना दोन पानांचा प्रिंटआउट पाठवला की पलीकडे जो सन्नाटा पसरायचा!

मालकीचा प्रश्न रजिस्टर सोडवतं, बाकीचे नाही. त्या तीन महिन्यांत सॉलिसिटर बाकीचं विचारत बसतो. इथला नियम असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायचे, विकणारा आपण होऊन सगळं सांगेल अशी अपेक्षा नाही. मात्र विचारलेल्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलं तर तो अडकतो. म्हणून प्रश्न लेखी विचारायचे. विकणारा एक लांबलचक फॉर्म भरतो, टीए ६ नावाचा : शेजाऱ्यांशी भांडण झालंय का, कुंपण कुणाचं, घरात काही बांधकाम केलंय का, पूर आला होता का, जपानी नॉटवीड नावाचं ते पायाला धोका करणारं झुडूप आहे का. दुसऱ्या फॉर्मवर पडदे, ओव्हन, बागेतली शेड, काय ठेवणार आणि काय नेणार. मग कौन्सिलचा सर्च, पाणी आणि सांडपाण्याचा सर्च, पर्यावरणाचा सर्च. उत्तरं आली की त्यांतून नवे प्रश्न. पलीकडचा सॉलिसिटर चार दिवस उत्तर देत नाही, त्याचा अशील सुट्टीवर, तुमच्या विक्रेत्यालाही पुढचं घर घ्यायचंय आणि त्या घराचं तिसऱ्यावर अडलंय. वेळ जातो तो या साखळीत. दोन्ही बाजूंचे सॉलिसिटर वेगळे असतात हेही नवऱ्याला सांगा. पुण्याचा तो एजंटने आणलेला वकील नक्की कुणाचा होता, हा प्रश्न तेव्हा कुणी विचारला नसेल.

एक गोष्ट मात्र सॉलिसिटर करत नाही. तो घर बघायला जात नाही. सतरा वर्षांत मी एकही सॉलिसिटर कुणाच्या घराच्या पायऱ्या चढताना पाहिला नाही. ओल, छप्पर, भिंतीचे तडे हे सर्व्हेयरचं काम आणि बँकेचं व्हॅल्युएशन म्हणजे सर्व्हे नव्हे. टेरेस जुनं आहे, तेव्हा लेव्हल ३चा, म्हणजे सगळ्यात सखोल, सर्व्हे करा, त्यात काटकसर नको.

घर न बघता कागद बघणाऱ्याचं काय होतं ते आमच्याच बाबतीत घडलंय. आमचं पहिलं घर, मी या धंद्यात यायच्या आधीचं. एजंटने सुचवलेली दूरच्या गावातली फर्म, फोन केला की दर वेळी नवा आवाज. घराच्या बाजूला गाडी लावायला जागा होती, पांढऱ्या पट्ट्या मारलेली. चार वर्षं आम्ही गाडी तिथे लावली. मग शेजारचं घर विकलं गेलं आणि एका शनिवारी सकाळी नव्या मालकाने तिथे लोखंडी खांब ठोकला. मी तावातावाने फाइल काढली. टायटल प्लॅन, म्हणजे घराचा नकाशा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला. घराभोवती लाल रेघ होती. ती भिंतीला चिकटून खाली आली, कोपऱ्यावर वळली आणि निघून गेली. पांढऱ्या पट्ट्यांची जागा रेघेच्या बाहेर. ती कधीच आमची नव्हती. जुना शेजारी भला माणूस, म्हणून लावू देत होता. त्याच फाइलमध्ये फर्मचं पत्रही सापडलं : सोबतचा नकाशा तुम्ही प्रत्यक्ष पाहिलेल्या जागेशी जुळतो का ते कळवा. खाली नवऱ्याच्या अक्षरात : ‘ओके, थँक्स.’ नकाशा उघडून आम्ही पाहिलाच नव्हता. आणि पलीकडे ज्याने ते ‘ओके’ वाचलं, त्यालाही जाहिरातीत ‘ऑफ रोड पार्किंग’ लिहिलं होतं हे ठाऊक नव्हतं, कारण जाहिरात त्याला कुणी दाखवलीच नव्हती.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एजंटची जाहिरात, फोटो, फ्लोअर प्लॅन, सगळं पहिल्याच दिवशी सॉलिसिटरला पाठवा. ‘हे बघून आम्ही घर पसंत केलं’ एवढी एक ओळ लिहून.

तर ८५० की १,५००. स्वस्त ते वाईटच असं नाही. ऑनलाइन फर्ममध्येही मन लावून काम करणारे लोक असतात, पण एकेकाच्या डोक्यावर फायली इतक्या असतात की तुमचं नाव आणि घर यांची सांगड त्यांना दर फोनला नव्याने घालावी लागते. एजंटने सुचवलेल्या फर्मकडून एजंटला बहुधा रेफरल फी मिळते. ती घेणं बेकायदा नाही, पण तुम्हाला ती सांगायला हवी. त्याला सरळ विचारा, किती मिळते? त्याचीच फर्म घ्या अशी सक्ती तो करू शकत नाही, नाहीतर घर परत बाजारात टाकू म्हणाला तरी. गावातल्या फर्मला काही गोष्टी उपजत माहीत असतात. तुमच्या रेडिंगचंच घ्या. कोली भागाखाली विटांच्या धंद्यासाठी खणलेल्या खडूच्या जुन्या खाणी आहेत आणि २००० साली तिथल्या फील्ड रोडवर जमीन खचून लोकांना घरं सोडावी लागली होती. कोळशाच्या खाणीचा सर्च कुठलीही फर्म यादीत बघून काढते किंवा सोडते. रेडिंगमध्ये खडूच्या खाणीचं विचारायचं, हे रेडिंगच्याच माणसाला पटकन सुचतं.

माझा कौल गावातल्या फर्मला, पण डोळे झाकून नाही. फोन करून विचारा, माझी फाइल कोण बघणार, नाव काय, तो किंवा ती सुट्टीवर गेली तर कोण? माझ्या बँकेच्या पॅनलवर, म्हणजे तिने मान्य केलेल्या फर्मच्या यादीत, तुम्ही आहात का (नसाल तर मॉर्गेजसाठी वेगळा वकील आणि वेगळा खर्च)? परदेशातून येणाऱ्या पैशांची केस तुम्ही घेता का? काही फर्म घेतच नाहीत आणि हे तुम्हाला सहाव्या आठवड्यात कळतं. आणि १,५०० मध्ये काय नाही? डिपॉझिटच्या प्रत्येक भेटपत्राचे वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे, मॉर्गेजचं काम वेगळं, असं करत ८५० चे तेराशे होताना मी बघितलेत, तेव्हा दोन्हीकडून शेवटचा आकडा मागा. सॉलिसिटर असेल तर एसआरए या त्यांच्या नियामक संस्थेच्या यादीत आणि लायसन्स्ड कन्व्हेयन्सर (घरखरेदीच्या कामाचा परवाना असलेला) असेल तर सीएलसी या त्यांच्या संस्थेच्या यादीत नाव आहे ना, ते त्यांच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. दोन्ही चालतात, फरक पदवीचा.

लॉफ्टमधल्या खोलीबद्दल तुम्ही अर्धं वाक्य लिहिलंय, मी दोन लिहिते. बिल्डिंग रेग्युलेशनचं कम्प्लिशन सर्टिफिकेट, म्हणजे बांधकाम नियमांप्रमाणे झाल्याचा दाखला, नसेल तर ती खोली नव्हे, गालिचा घातलेला माळा. विकणाऱ्याचा सॉलिसिटर म्हणेल, सर्टिफिकेट नाही, पण आम्ही इन्डेम्निटी इन्शुरन्स काढून देतो. शे-दोनशे पौंडांची पॉलिसी, कौन्सिलने कधी कारवाई केली तर खर्च मिळतो. जिना नीट बांधलाय का, आग लागली तर खाली येता येईल का, हे ती पॉलिसी सांगत नाही. आणि गंमत अशी की तुम्ही उत्साहाने आधीच कौन्सिलला फोन करून ‘त्या घराच्या लॉफ्टची परवानगी आहे का हो?’ विचारलंत तर ती पॉलिसी बहुतेक मिळतच नाही. फोन करू नका. सॉलिसिटरला विचारा आणि सर्व्हेयरला जिन्याकडे मुद्दाम बघायला सांगा. चार वर्षांच्या मुलीला तिथे झोपवायचा विचार असेल तर नक्कीच.

आता पैसा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बापाचे पैसे आले की आले. आता सॉलिसिटरला प्रत्येक रकमेचा उगम बघावा लागतो, मनी लाँडरिंगचे नियम आहेत आणि चूक झाली तर त्याचा परवाना पणाला. बाबांचा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा, सहा महिन्यांची स्टेटमेंटं, एफडी मोडल्याची पावती आणि भेटपत्र : हे पैसे परत मागणार नाही आणि घरात माझा हक्क नाही. हे सगळं आताच मागवा, ऑफर ताजी आहे तोवर. बाबांना वाटेल, माझ्याच पैशांचा हिशेब हे गोरे कोण मागणारे? तो राग त्यांना थोडा काढू द्या.

बँकेतून पैसे पाठवताना एलआरएसची, म्हणजे भारतातून परदेशी पैसे पाठवायच्या योजनेची, मर्यादा आड येणार नाही, माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर आहे. आड येतो टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच आगाऊ कापला जाणारा कर. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर पाठवलेल्या रकमेवर बँक २० टक्के कापून घेते. ३० लाखांपैकी २० लाखांवर म्हणजे ४ लाख. ते बाबांच्या आयकरात वळते होतात किंवा परत मिळतात, पण महिन्यांनी. तेव्हा बाबांच्या खात्यात ३४ लाख लागतील. आईच्या नावावरही एफडी असतील तर निम्मे तिने पाठवले की कापले जाणारे २ लाख वाचतात, कारण मर्यादा माणशी आहे. भेटपत्रं मात्र दोन.

मामांचे १० लाख ही वेगळी भानगड आहे. तुम्ही लिहिलंय ‘उसने’. उसने म्हणजे कर्ज आणि कर्ज बँकेला सांगावं लागतं. बँक तो हप्ता तुमच्या उत्पन्नातून वजा करेल, कदाचित नाहीच म्हणेल. मग कुणीतरी सुचवेल, मामांनाही भेटपत्रावर सही करू दे, आपल्यात ठरलंय ना परत द्यायचं. ते करू नका. भेटपत्रावर ‘परत घेणार नाही’ असं लिहून मागून परत देणं म्हणजे बँकेला खोटं सांगून कर्ज काढणं. मामा खरंच भेट म्हणून देत असतील तर उत्तम, नाहीतर मामांचे पैसे या घरात नकोत. सोफ्याला चालतील.

घाई करावी का? कागद जमवायची करा, सहीची नको. ऑफर ॲक्सेप्ट झाली म्हणजे अजून काहीही बांधलं गेलेलं नाही. एक्स्चेंजच्या दिवशी कॉन्ट्रॅक्ट अदलाबदल होईपर्यंत विकणारा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू शकतो आणि तुम्हीही हात वर करू शकता. एक्स्चेंजला साधारण १० टक्के, म्हणजे ४२ हजार, जातात आणि त्यानंतर माघार घेतली तर ते गेले. घराचा विमा एक्स्चेंजच्या दिवसापासून घ्या, कारण त्या क्षणापासून घर जळालं तरी घ्यायचं तुम्हालाच आहे. शाळेसाठी बऱ्याच कौन्सिली एक्स्चेंज झाल्याचं सॉलिसिटरचं पत्र मागतात, नुसती ऑफर धरत नाहीत. रेडिंग कौन्सिलला या आठवड्यातच ईमेल करून विचारा त्यांना काय चालतं. आणि फॉर्म १५ जानेवारीच्या आत भराच, आहे त्या पत्त्यावर का होईना. पत्ता मागाहून कळवता येतो, उशिरा आलेला फॉर्म मात्र मागे पडतो. लॉफ्टचं उत्तर आलेलं नसताना शाळेसाठी एक्स्चेंज करू नका, एवढं माझं ऐका.

शेवटच्या आठवड्यात, तुम्ही खोकी भरत असताना, एक ईमेल येऊ शकतं : आमचं बँक खातं बदललंय, पैसे या नव्या खात्यात पाठवा. सॉलिसिटरच्याच नावाने, त्याच सहीने, तुमचा फाइल नंबर घालून. सॉलिसिटरची खाती अशी मध्येच बदलत नाहीत. पहिल्या दिवशी मिळालेल्या पत्रावरच्या नंबरवर फोन करा, ईमेलमधल्या नाही, आणि खाते क्रमांकाचा एकेक आकडा तोंडी वाचून घ्या. आमच्या ऑफिसात हे वाचायचं काम माझं होतं. अशा वेळी एखादी मुलगी पलीकडून चारदा ‘पुन्हा सांगा’ म्हणाली तर मला तिचं कौतुक वाटायचं.

सोमवारी गावातल्या फर्मला फोन करा. त्याच दिवशी पहिलं ईमेल : जाहिरात, कोथरूडच्या फ्लॅटची माहिती, बाबांचे पैसे, लॉफ्टचा प्रश्न. चार परिच्छेद, आणि यातलं काहीही ताजा कलमात नको. मग आठ-दहा दिवसांत टायटल प्लॅन येईल. घाईत ‘ओके, थँक्स’ लिहू नका. प्रिंट काढा, त्या गल्लीत जाऊन उभ्या राहा आणि बघा लाल रेघ गॅरेजभोवती फिरते की नाही. मागच्या गल्लीतली गॅरेजं कधीकधी वेगळ्या टायटलवर, म्हणजे मालकीच्या वेगळ्या नोंदीवर, असतात आणि विकणाऱ्याच्याही ते लक्षात नसतं.